रॅम वाढवायला दिली, आतली चांगली रॅम गेली

घरचा कॉम्प्युटर दुकानात सोडून रॅम वाढवून घेणार असाल, तर आधी हे वाचा. वेगवेगळ्या स्पीडच्या रॅम एकत्र लावल्या की सगळ्या कमी स्पीडवर चालतात, हे अगदी खरं आहे. आम्हाला फसवणाऱ्याने याच खऱ्या गोष्टीचा आडोसा घेतला.

माझी बहीण नागपुरात मानेवाड्याला घरूनच लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करते. तिचा कॉम्प्युटर २०२० मधला, असेंबल केलेला. आय-फाइव्ह ९४०० प्रोसेसर, एच३१० बोर्ड, रॅमचे दोनच स्लॉट आणि त्यात डीडीआर४ प्रकारच्या रॅमची, २६६६ स्पीडची ८ जीबीची एक स्टिक. लग्नसराईत फोटोशॉप अडकायला लागलं, म्हणून ती बर्डीवरच्या एका दुकानात गेली. "ताई, ३२०० ची टाकून देतो, डबल फास्ट होते. आता गर्दी आहे, कॅबिनेट ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जाजा." संध्याकाळी घरी आणून सुरू केला तर १६ जीबी दिसले. फोटोशॉपही मोकळं चालायला लागलं.

ही चोरी लपते ती इथेच. ८ चे १६ जीबी झाले की फरक जाणवतोच, आणि माणूस खूश होतो. जुनी स्टिक काढून तिच्या जागी दुसरी कुठलीही ८ ची बसवली, तरी बेरीज १६ च येते.

पुढे अल्बम एक्सपोर्ट करताना निळी स्क्रीन येऊन कॉम्प्युटर आपोआप बंद-चालू व्हायला लागला. तिने मला बोलावलं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्समधलं मेमरीचं पान उघडलं, तर स्पीड २१३३. जुनी स्टिक २६६६ ची, नवी ३२०० ची, आणि हा प्रोसेसरच २६६६ च्या वर जात नाही. मग दोन्ही मिळून २६६६ वर चालायला हव्यात. २१३३ आलं कुठून?

दुकानदाराला फोन केला. "दादा, मिक्स रॅम कमी स्पीडवरच चालते. तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिले?" नियम बरोबर सांगितला त्याने. पण कमी स्पीड म्हणजे लावलेल्या स्टिकपैकी जी हळू, तिचा स्पीड. आमच्याकडे २१३३ ची स्टिक कधी नव्हतीच. गेमिंगच्या काही स्टिक बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी हा पर्याय सुरू केल्याशिवाय पूर्ण स्पीड देत नाहीत, तेव्हाही २१३३ दिसू शकतं. आमची स्टिक साधी होती, तिला त्याची गरज नाही.

प्रत्येक स्टिकवर एक बारीकशी चिप असते. तिच्यात कंपनी, पार्ट नंबर, स्पीड आणि बहुतेक वेळा बनवल्याचा आठवडा व वर्षही नोंदलेलं असतं. सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर ती नोंद वाचून दाखवतं. त्यात एसपीडी नावाचं पान आहे, तिथे स्लॉट बदलून एकेक स्टिक बघता येते. पहिल्या स्लॉटमध्ये निघाली २०१६ साली बनलेली २१३३ ची स्टिक. आय-फाइव्ह ९४०० बाजारात आला २०१९ मध्ये! कॅबिनेट उघडलं, तर स्टिकच्या लेबलवर बारीक अक्षरात पीसी४-२१३३पी. आमच्या स्टिकवर २६६६व्ही असायला हवं होतं. सगळ्यात कामी आलं ते २०२० चं बिल, कारण असेंबल करणाऱ्याने त्यावर रॅमचा सिरियल नंबर लिहिला होता. सीपीयू-झेडमधला नंबर वेगळाच होता. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं. ती २१३३ ची स्टिक एकटी लावली की एरर, नवी एकटी लावली की एकही नाही. निळ्या स्क्रीनचं कारणही हेच.

बिल, स्क्रीनचे फोटो आणि कॅबिनेट घेऊन आम्ही दोघं दुकानात गेलो. आधी पुन्हा तोच मिक्स स्पीडचा पाठ. वर्ष आणि सिरियल नंबर पुढे ठेवल्यावर "पोराकडून अदलाबदल झाली असेल." आमची स्टिक काही परत मिळाली नाही. २६६६ ची दुसरी नवीन दिली, तीही बऱ्याच बाचाबाचीनंतर. काम करणाऱ्या पोरावर ढकललेलं मला आजही पटलेलं नाही. बिघडलेली स्टिक चांगल्या कॉम्प्युटरमध्ये खपवणं ही नजरचूक नसते. एखाद्याचं पोट त्या मशीनवर चालतं, हे त्या माणसाला दिसत होतं.

"३२०० ने डबल फास्ट" हेही खोटंच. २६६६ च्या स्टिकमधून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २१ जीबी डेटा जातो, ३२०० च्या स्टिकमधून सुमारे २५. कागदावरसुद्धा हे दुप्पट होत नाही, आणि या प्रोसेसरवर तर ३२०० ची स्टिक २६६६ वरच चालते. स्वस्त मिळाली तर ३२०० ची घ्यायला हरकत नाही, पण स्पीडच्या नावाखाली जास्त पैसे देऊ नका.

कॅबिनेट देण्याआधी आतल्या स्टिकच्या लेबलचा आणि सीपीयू-झेडच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्टिक तुमच्यासमोर लावायला सांगा, काही मिनिटांचंच काम आहे. "ठेवून जा" म्हणाले, तर दुसरं दुकान बघा. बिलावर नव्या स्टिकचा सिरियल नंबर लिहून घ्या. परत आणल्यावर दोन्ही स्लॉट तपासा. सीपीयू-झेडच्या मेमरीच्या पानावर १३३३ च्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नका, तिथे निम्मा आकडा दिसतो, म्हणजे ते २६६६ च. १०६६ दिसलं तर मात्र एकेक स्टिक बघा. दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. पक्कं बिल तेवढं हवं.