मार्व्हलच्या मालिका : फ्लेक्सवर मोठा फोटो कोणाचा?

माझा धंदा फ्लेक्सचा. कोल्हापुरात या धंद्याला मरण नाही. वाढदिवस, निवडी, फुटबॉलचे चषक, गावोगावच्या जत्रेतली कुस्तीची मैदानं, सगळ्याला फलक लागतो. कुस्तीच्या फलकाची एक रीत ठरलेली आहे. एक नंबरची जोड सगळ्यात वर, फोटो सगळ्यात मोठे. त्याखाली दोन नंबर, तीन नंबर, आणि तळाला टपालाच्या तिकिटाएवढे चेहरे, ज्यांच्या कुस्त्या लोक जागा धरेपर्यंत उरकलेल्या असतात. कोणाचा फोटो किती इंचांचा, यावरून माझ्या दुकानात जेवढी भांडणं झालीत तेवढी मैदानात झाली नसतील.

मागच्या महिन्यात बहिणीनं भाच्याला माझ्याकडं आणून टाकलं. तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळताना घोटा मोडून घेतलाय, सहा आठवडे प्लास्टर. सोफ्यावर पाय पसरून म्हणाला, "मामा, मार्व्हलचे पिक्चर सगळे झालेत. मालिका एकपण बघितली नाही. कुठनं सुरू करू सांग. पण सगळ्या बघायला लावू नको हां, निम्म्या रटाळ आहेत म्हणतात."

निम्म्या नाहीत, पण आहेत. म्हणून त्याला क्रम लावून दिला, तोच इथं देतोय. अशा प्लास्टरमध्ये अडकलेल्या किंवा ओटीटीचे एका महिन्याचेच पैसे भरलेल्या कुणालाही चालेल.

माझी कसोटी तालमीतलीच आहे, कुस्ती निकाली लागली पाहिजे. मार्व्हलच्या मालिकांचं जुनं दुखणं असं की पाच भाग रंगवायचे आणि सहाव्यात पुढच्या सिनेमाचं आमंत्रण देऊन निघून जायचं. हलगी कडाडली, शड्डू ठोकले, तासभर झोंबाझोंबी झाली आणि शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली, असं वाटतं. जी मालिका आपली गोष्ट आपल्याच आखाड्यात संपवते, तिचा फोटो मोठा.

एक नंबरच्या जागेसाठी दोनच दावेदार आहेत, 'वांडाव्हिजन' आणि 'लोकी'.

'वांडाव्हिजन' यातली पहिली, १५ जानेवारी २०२१ ची. नऊ भाग, सगळे मिळून सहा तासांच्या आत. भाच्याला आधीच बजावलंय की पहिला भाग लावल्यावर टीव्ही बिघडला समजू नको. चित्र कृष्णधवल आहे, पडदा जुन्या टीव्हीसारखा चौकोनी आहे, आणि पन्नासच्या दशकातल्या अमेरिकी घरगुती विनोदी मालिकेसारखं सगळं चाललेलं असतं. नवऱ्याचा साहेब जेवायला येणार, बायकोची धांदल, मागून हशा. तो हशा खरा आहे, पहिला भाग समोर प्रेक्षक बसवून चित्रित केला होता. नंतर जवळजवळ प्रत्येक भागागणिक दशक पुढं सरकतं, रंग येतात, घर बदलतं, कपडे बदलतात. आपण त्या अमेरिकी मालिकांवर वाढलेलो नाही, त्यामुळं त्यांच्या नकलेतली निम्मी गंमत आपल्याला लागत नाही, हे मान्य. पण मूळ गोष्ट कळायला त्याची गरजही नाही. माणूस गेलंय, रडायला घरात दुसरं कोणी नाही, आणि हातात अचाट शक्ती आहे. अशी बाई, म्हणजे वांडा, काय करील, एवढंच त्यात आहे. एलिझाबेथ ओल्सननं ते असं केलंय की सुपरहिरो वगैरे आपण विसरून जातो. शेजारणीच्या कामातली कॅथरीन हान तर प्रत्येक प्रसंगात भाव खाऊन जाते. तिच्यावरच्या छोट्याशा गाण्याला टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं, त्यात नवल नाही.

मग दोन नंबरला का? शेवटच्या भागामुळं. आठ भाग घरातल्या घरात धुमसत ठेवलेलं दुःख नवव्यात आकाशात उडून एकमेकांवर रंगीत गोळे फेकायला लागतं. कुस्ती निकाली लागली, पण डाव भलताच पडला.

'लोकी' उलट वाटेनं जाते. सुरुवात विनोदी, मध्ये थोडी भरकटलेली, आणि शेवट असा की मी दुसऱ्या दिवशी दुकानात दोन फलकांवर तारखा चुकीच्या छापल्या. दोन पर्वं आहेत, २०२१ आणि २०२३, प्रत्येकी सहा भाग. 'एंडगेम' सिनेमात निळा ठोकळा उचलून पळालेला २०१२ चा लोकी, थॉरचा तो उपद्व्यापी देव-भाऊ, तुम्हाला आठवत असला की झालं, दुसरी तयारी नको. त्याला पकडून नेतात ते काळाच्या कारभाराचं ऑफिस, आणि ते ऑफिस कुठल्याही कोल्हापूरकराला ओळखीचं वाटेल. आल्या आल्या आयुष्यात तोंडातून निघालेल्या प्रत्येक शब्दाची कागदांची चळत समोर येते, खाली सही करा म्हणून. मग रांग, रांगेचं टोकन. टोकन न घेतलेल्या माणसाचं जे होतं ते बघून मी तालुक्याच्या कचेरीत जाताना आता आधी टोकन घेतो. ज्या रत्नांसाठी अख्खे सिनेमे लढले गेले, ती तिथल्या कारकुनाच्या टेबलाच्या खणात पडलेली आहेत, काहीजण कागद उडू नयेत म्हणून वापरतात. देवाचा तोरा एका खणानं उतरवला. असं लिहायला डोकं लागतं.

टॉम हिडलस्टन आणि ओवेन विल्सन समोरासमोर बसून बोलत राहिले तरी मी बघत राहीन, आणि बराच वेळ ते तेच करतात. नॅटली होल्टच्या संगीतात थेरेमिन आहे, हात न लावता वाजवायचं वाद्य. कानात घालून ऐका. पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग १४ जुलै २०२१ ला आला. तो भाग म्हणजे जवळजवळ टेबलाभोवतीची एक लांब चर्चा आहे. पुढच्याच आठवड्यात पंचगंगा शहरात शिरली. लाइट नाही, दुकान बंद, मोबाइलची बॅटरी जपून वापरायची, आणि डोक्यात तीच चर्चा घोळत होती. जे ठरलेलं आहे ते होऊ द्यायचं की मोडायचं? पुराच्या पाण्याकडं बघताना तो प्रश्न पोकळ वाटला नाही.

दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या तीन-चार भागांत यंत्रांची बडबड जास्त झालीय, तिथं के हुई क्वान नसता तर मी झोपलो असतो. पण सहावा भाग बघा. काय होतं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की स्वतःला सिंहासनावर बघायची हाव असलेल्या माणसाला काय मिळतं, याचं उत्तर तिथं पुरतं मिळतं. पुढच्या सिनेमाची उधारी नाही. म्हणून एक नंबर.

दोन्हींत निवडायचंच झालं तर असं बघा. वेळ कमी असेल आणि घरातल्या कुणासोबत बसायचं असेल तर 'वांडाव्हिजन'. माझ्या बायकोनं मार्व्हलचा एक पिक्चर बघितला नव्हता, तरी तिसऱ्या भागापासून तीच मला हाक मारायला लागली. एकटं बसून, फोन बाजूला ठेवून बघायचं असेल तर 'लोकी'. तिच्यात एक वाक्य निसटलं की पुढचा सगळा भाग रिवाइंड करण्यात जातो.

तीन नंबरला मी माझीच कसोटी मोडतो. 'मिस मार्व्हल' निकाली लागत नाही. खलनायक फिके आहेत, कुठून आले आणि काय हवं होतं हे शेवटपर्यंत धड कळत नाही. तरी ती 'हॉकआय'च्या वर आहे. फलक माझा आहे.

कारण घर. जर्सी सिटीतली कमला खान, तिची आई, तिचे अब्बू, दादाचं लग्न, मशिदीतल्या निवडणुका, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चौकशा. मुलीनं पार्टीला जायचं की नाही यावरून जो वाद होतो तो राजारामपुरीतल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये ऐकू येईल. वडिलांच्या कामातले मोहन कपूर तर कुणाचेही काका वाटतात. इमान वेल्लानीचं हे पहिलंच काम, आणि ती स्वतः मार्व्हलवेडी असल्याचं पदोपदी दिसतं. त्यातला पाचवा भाग थेट १९४७ मध्ये जातो, कराचीला निघालेली गाडी, फलाटावरची रेटारेटी, हातातून सुटलेलं पोर. फवाद खान आणि मेहविश हयात या एका भागात जे करतात त्यापुढं बाकीच्या मालिकेतली जादू मला लहान वाटली.

आपल्याकडं फाळणी म्हणजे पुस्तकातला धडा, असं मला वाटायचं. मग कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची आठवण आली. फ्लेक्सच्या आधी मी कापडावर बॅनर रंगवायचो, ते कापड तिथूनच आणायचो. दुसऱ्या महायुद्धात तिथं वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, हजारो बायका-पोरं. ती गेली आणि फाळणीनंतर त्याच छावणीत सिंधी कुटुंबं आली. मालिकेतली गाडी कराचीकडं जाते. माझ्या कापडवाल्याचे आजोबा तिकडून इकडं आले. वर्षानुवर्षं त्याच्याशी मीटरमागं रुपयासाठी घासाघीस केली, आजोबा कसे आले हे कधी विचारलं नव्हतं. तो भाग बघितल्यावर विचारलं. तो आधी हसला, मग चहा मागवला. म्हणून तीन नंबर, फिक्या खलनायकासकट.

'हॉकआय' चार नंबरला असली तरी भाच्याला पहिल्यांदा तीच लाव म्हटलंय. सहाच भाग, गोष्ट सरळ, आणि हिरो आपल्यासारखाच दुखऱ्या अंगाचा. क्लिंट बार्टनला, म्हणजे हॉकआयला, नाताळला पोराबाळांत पोचायचंय आणि कामं सुटत नाहीत. दिवाळीच्या आदल्या रात्री बारा वाजेपर्यंत फलक छापत बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. ऐकू कमी येतं म्हणून कानात यंत्र, ते मोडतं, नेमका धाकट्या पोराचा फोन येतो, आणि त्याची शागीर्द केट बिशप पोरगं काय बोलतंय ते कागदावर लिहून त्याला दाखवत राहते. अख्ख्या मार्व्हलमध्ये इतका साधा आणि इतका चटका लावणारा प्रसंग मला दुसरा आठवत नाही. वर विनोदही आहे. ट्रॅकसूट घातलेले गुंड प्रत्येक वाक्याला 'ब्रो' म्हणतात. मी मनातल्या मनात तिथं 'भावा' घातलं आणि थेट कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीला पोचलो.

इथून खाली फोटो बारीक होत जातात.

'मून नाइट' (२०२२) आणि 'शी-हल्क' (२०२२) यांत गोंधळ होणाऱ्यांसाठी एवढंच, दोन्हींना आधीचं फारसं काही बघावं लागत नाही, पण चव पूर्ण वेगळी. 'मून नाइट'मध्ये ऑस्कर आयझॅक एकटाच दोन-दोन माणसं उभी करतो. लंडनच्या संग्रहालयातल्या दुकानात कामाला असलेला भित्रा स्टीवन रात्री पाय पलंगाला बांधून झोपतो, कारण झोपेत आपण कुठं जातो हे त्याला माहीत नाही. पहिला भाग आणि पाचवा भाग एक नंबरच्या लायकीचे. सहावा घाईत गुंडाळलाय. दिग्दर्शक मोहम्मद दियाब स्वतः इजिप्तचे, त्यामुळं त्यांचं कैरो उंट-वाळूच्या पिवळ्या कॅलेंडरसारखं दिसत नाही, माणसं राहतात असं दिसतं. 'शी-हल्क' म्हणजे हिरवी झालेली वकीलबाई, अर्ध्या-अर्ध्या तासाचे नऊ भाग, जेवता जेवता बघायला झकास. ती कॅमेऱ्याकडं बघून आपल्याशीच बोलते आणि शेवटच्या भागात तर मार्व्हलचीच गचांडी धरते. काहींना ते आवडलं नाही, मला जाम आवडलं. हायकोर्टाच्या खंडपीठासाठी वर्षानुवर्षं आंदोलन करून ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच मिळवलेल्या गावात वकिलांची मालिका चालायला हरकत नाही.

'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर'मध्ये कॅप्टन अमेरिकाची ढाल कुणी घ्यायची, हा प्रश्न आहे. म्हणजे मानाची गदा कुणाच्या खांद्यावर. म्हाताऱ्या आयझाया ब्रॅडलीचे दोन प्रसंग आणि चौथ्या भागाच्या शेवटी रक्तानं माखलेली ढाल, एवढ्यासाठी बघायला हवी. कार्ल लंबली यांनी तो म्हातारा असा उभा केलाय की बाकीचे त्याच्यापुढं पोरं वाटतात. उरलेलं भाषणबाजीत जातं.

'अगाथा ऑल अलाँग' (२०२४) ही 'वांडाव्हिजन' आवडली तरच. सातवा भाग पत्त्यांसारखा पिसून मांडलेला आहे आणि तिथं पॅटी ल्युपोन काय करते ते बघाच. 'इको'चे पाच भाग, मूकबधिर नायिका, खाणाखुणांची भाषा, अमेरिकेतल्या चॉकटॉ आदिवासींची पार्श्वभूमी, सगळं जमवलं आणि शेवटी घाई केली. 'व्हॉट इफ...?' ही कार्टून मालिका सुटे सुटे भाग म्हणून चालते. 'ब्लॅक पँथर'वाल्या चॅडविक बोसमन यांचा आवाज शेवटचा तिथंच ऐकायला मिळतो, ते भाग चुकवू नका.

आणि 'सीक्रेट इन्व्हेजन'. सॅम्युअल जॅक्सन आहे, ऑलिव्हिया कोलमन आहे, बेन मेंडेलसन आहे, एवढे मल्ल उतरवून नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली, कुस्ती केली. सुरुवातीची नामावलीसुद्धा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून रंगवून घेतली. आम्ही फ्लेक्सवाले त्या बाबतीत बोलायला नको, आमच्याकडंही आता तेच सुरू झालंय. पण आम्ही निदान वाढदिवसाचे फलक करतो.

'डेअरडेव्हिल' या फलकावर मी मुद्दाम घेतली नाही. २०१५ ते २०१८ ची मूळ मालिका नेटफ्लिक्ससाठी केलेली, तीन पर्वं, प्रत्येकी तेरा भाग, एकोणचाळीस भागांचं मैदान. तिचा वजनगटच वेगळा. दुसऱ्या भागातली कॉरिडॉरमधली मारामारी बघा, आंधळा वकील दमून भिंतीला टेकतो, श्वास घेतो आणि परत आत जातो. मार्व्हलचा दुसरा कुणी इतका दमत नाही. २०२५ ची 'बॉर्न अगेन' तिच्यानंतरच लावायची, आधी नाही.

भाच्यानं चार आठवड्यांत वरच्या चारही संपवल्या. क्रम त्याला पटलेला नाही, 'हॉकआय'चा फोटो दोन इंच वाढव म्हणतो. काल डॉक्टरांनी प्लास्टर आणखी दोन आठवडे वाढवलं. फोनवर रडकुंडीला आला होता. म्हटलं, डेअरडेव्हिल काढ.