वॉकर बूट आणि एल्बो क्रच: काही महिन्यांचा वापर आणि त्यातच झालेली तारकर्ली ट्रिप

डाव्या तळपायाचं बाहेरच्या बाजूचं हाड म्हणजे पाचवं मेटाटार्सल, त्यात स्क्रू बसवल्यापासून गुडघ्याखालपर्यंत येणारा वॉकर बूट आणि एक एल्बो क्रच (कोपराखाली हाताला आधार देणारी कुबडी) वापरतेय. तारकर्लीचं बुकिंग आधीचं होतं, डॉक्टरांनी बूट घालून वजन टाकायला हो म्हटलं म्हणून गेलो, आणि बुटाची खरी परीक्षा तिथेच झाली.

आधी चांगलं सांगते. याचा तळवा होडीच्या बुडासारखा गोल वळलेला आहे त्यामुळे पाऊल न वाकवता पाय पुढे जातो, दुखऱ्या हाडावर ताण येत नाही. पण बुटाने तो पाय चांगलाच उंच होतो, दुसऱ्या पायात साधी चप्पल असली की संध्याकाळी कंबर भरून येते. दुसऱ्या पायात जाड सोलचा स्पोर्ट्स शू घाला, हे दुकानदार सांगत नाही. क्रच ऑपरेशनच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना क्रच आणि बुटाचा पाय आधी.

कुडाळपर्यंत रेल्वेने गेलो, लोअर बर्थ घेतला, पाय उशीवर ठेवून बोटं हलवत राहिले, आणि फिजिओनी परवानगी दिली होती म्हणून मधूनमधून बूट काढून घोटा वरखाली केला. तरी सूज थोडी आलीच.

आता पुळण. कोरड्या वाळूत हा बूट अजिबात नको, टाच रुतते आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडतं, नेमकं तेच हाड. ओहोटीला जी ओली घट्ट वाळू उघडी पडते तिथे मात्र मस्त चालता येतं, मी रोज वेळ बघून छोट्या फेऱ्या मारायचे, लाट पोचणार नाही इतकं अंतर ठेवून, कारण आतला फोमचा लायनर भिजला की कोकणातल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही. वेल्क्रोचा वैताग वेगळाच. त्याच्या आकड्यांत वाळू आणि नारळाचे तंतू असे जाऊन बसतात की पट्टा चालता चालता सुटतो. रोज रात्री जुन्या टूथब्रशने आडवं घासायचं, एक एक रांग, मग परत पहिल्यासारखा पकडतो.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर बाकीचे गेले, मी नाही, हलत्या होडीतून चढउतार आणि पुढे दगडी पायऱ्या, ते या पायाने करायचं नव्हतंच. त्याऐवजी देवबागला कर्ली नदीत शांत पाण्यात बोटिंग केलं, नाववाल्या दादांनी आधी क्रच घेतली, मी काठावर बसून मग पाय आत घेतले. सकाळी होमस्टेच्या खळ्यात खुर्चीत बसून थेराबँडने (व्यायामाच्या रबरी पट्ट्याने) हात-खांद्यांचे व्यायाम, दुपारी पाय छातीपेक्षा वर ठेवून आडवं पडायचं. एवढं केल्यामुळे सुट्टीभर हालचाल चालू राहिली आणि मन फार हलकं झालं, घरात बसून मी खरंच कोमेजले होते.

क्रचचं खालचं रबर महिन्या-दोन महिन्यांनी नक्की बघा. माझं आतल्या बाजूने झिजून गुळगुळीत झालं होतं आणि ओल्या बाथरूमच्या टाइल्सवर घसरायला लागलं. सर्जिकलच्या दुकानात नवीन मिळतं, फक्त नळीचा व्यास मोजून न्या.

बूट घ्या म्हणेन, पण त्याच वेळी जादाचा लायनर मागवा, मागाहून आमच्या साइजचा मिळायला फार वेळ लागला.