गाडीच्या एसी गॅसचा टॉप-अप कॅन : थंड हवा येते-जाते, त्यावर हा इलाज नव्हे

आर-134ए गॅसचा कॅन, त्याला पाइप आणि पाइपावर दाब दाखवणारं एकच घड्याळ, असा हा ऑनलाइन मिळणारा संच. पाचपैकी दोन तारे. एक तारा कपलरचा, म्हणजे पाइपाच्या टोकावरच्या जोडणीचा : तो लो साइडच्या (कमी दाबाच्या बाजूच्या) 13 मिमीच्या तोंडालाच बसतो, हाय साइडचं (जास्त दाबाच्या बाजूचं) तोंड 16 मिमीचं, त्यामुळे चुकीच्या जागी लागत नाही. दुसरा, कूलिंग महिनोन् महिने हळूहळू उतरत गेलं असेल तर तेवढ्यापुरता उपयोग होतो म्हणून. पण एसी अर्धा तास गार आणि मग दहा मिनिटं गरम, या तक्रारीवर कॅन म्हणजे रोग हल्याला आणि औषध पखालीला.

खरी अडचण घड्याळाची. कॉम्प्रेसर बंद असताना 40 अंशात ते 130 पीएसआयच्या आसपास दाखवणार; आत गॅस अर्धा असो वा पुरा, थोडा जरी द्रवरूपात शिल्लक असला तरी आकडा तोच. म्हणजे किती भरलाय हे त्यावरून कळतच नाही. चालू एसीत हिरवा पट्टा साधारण 25 ते 45 चा. सकाळच्या गारव्यात काटा 28 वर दिसतो, ते त्या वेळी बरोबरच असतं. तरी माणूस 45 पर्यंत भरतो. दुपारी भुसावळच्या 44 अंशात त्याच जास्तीच्या गॅसनं हाय साइडचा दाब चढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो. कंडेन्सरच्या (गॅस गार करणाऱ्या पुढच्या) जाळीत जिनिंगकडचं कापसाचं तूस अडकलं असेल तर आणखी लवकर. मूळ दुखणं नसलं तरी कॅननं ते लावून दिलं.

कॅन मागवण्याआधी फुकटची तपासणी करा. गरम हवा सुरू असतानाच, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि हात, ओढणी, बाह्या लांब ठेवून कॉम्प्रेसरच्या पुढची, क्लचची प्लेट बघा. पुली फिरतेय पण प्लेट थांबलीय? मग क्लचच्या वायरवर मीटर लावा. 12 व्होल्टच्या वर येत असतील आणि प्लेट तरी ओढली जात नसेल, तर इंजिन बंद करून फीलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) प्लेट आणि पुलीमधली फट मोजा. बहुतेक गाड्यांत ती 0.35 ते 0.65 मिमी असते. प्लेट झिजून फट 0.9-1 मिमी झाली की थंड इंजिनवर क्लच धरतो. तापल्यावर क्लचच्या कॉइलचा रोध वाढतो, ओढ कमी पडते आणि प्लेट सुटते. मधला बोल्ट काढून एक पातळ शिम (चकती) कमी केली की काम होतं. गॅसला हात लावावा लागत नाही, आणि गॅरेजमध्ये हेच सगळ्यात शेवटी बघतात. व्होल्ट येतच नसतील तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले (विजेवर चालणारा स्विच) एसीच्या जागी लावून बघा. क्लच नसलेल्या व्हेरिएबल कॉम्प्रेसरला ही खूण लागू नाही.

प्लेट फिरतेय तरी हवा गरम, आणि हवेचा झोतही मंदावलाय? कूलिंग कॉइलवर बर्फ धरलाय. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवा. गाडीखाली पाण्याची धार लागली की समजा, बर्फच होता. केबिन फिल्टर आणि कॉइलचा सेन्सर बघा. झोत जोरात पण हवा गरम, आणि लो साइडचा काटा शून्याखाली जात असेल तर आतला ओलावा एक्सपान्शन व्हॉल्व्हवर (कूलिंग कॉइलआधीच्या बारीक तोंडावर) गोठतोय : ओलावा शोषणारा ड्रायर बदला, 45 मिनिटं पंपानं व्हॅक्यूम काढा, मग बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमनुसार वजनावर गॅस. फक्त थांबलेल्या गाडीत गरम असेल तर कंडेन्सरचा पंखा बघा. कन्नड घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर कूलिंग गेलं तर तो बिघाड नाही, इंजिनच एसी तोडतं.

गॅस खरंच कमी असेल तर तो कुठून तरी गळतोय. लहान गाडीत एकूण साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच असतो. घ्यायचाच असेल तर लीक-स्टॉप मिसळलेला कॅन घेऊ नका, तो व्हॉल्व्ह आणि गॅरेजचं मशीन दोन्ही चोंदवतो. भरताना कॅन उभाच धरा, उलटा केला की द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये. उरलेला कॅन मे महिन्यात डिकीत ठेवू नका. 50 अंशांपुढे तो फुटू शकतो.