चातुर्मास, शेवया आणि हॉकर सेंटर

आमच्या सासूबाई आषाढी एकादशीच्या चार दिवस आधी सिंगापूरला उतरल्या. विमानतळावरून घरी येताना टॅक्सीतच त्यांनी सांगून टाकलं, "एकादशीपासून माझा चातुर्मास. कांदा, लसूण, वांगं बंद. मासळी तर नाहीच. पण तुम्ही सगळे खा हं, माझ्यासाठी अडून राहू नका." हे शेवटचं वाक्य ज्या सुनेने आयुष्यात एकदा तरी ऐकलंय, तिला कळेल की अडायला तिथूनच सुरुवात होते.

बाकीच्या मंडळींची तऱ्हा अशी. सासरे मालवणचे. ताटात मासा नसेल तर जेवलो असं ते धरत नाहीत आणि श्रावण लागायला अजून अवकाश होता. मुलगा अकरा वर्षांचा, त्याला चिकन राइस सोडून जगात काही दिसत नाही. नवरा काहीही खातो, फक्त रांगेत उभा राहत नाही. अशा पाच जणांना बाहेर जेवायला न्यायचं म्हणजे काय, ते पुढे सांगतेच.

पहिला प्रयोग द्वादशीला केला आणि तो फसला. मॉलमधलं एक जपानी रेस्टॉरंट. नाव सांगत नाही, कारण तशी बरीच आहेत आणि चूक बरीचशी माझीच होती. मेन्यूत तोफूच्या नावापुढे हिरवं पान छापलेलं बघून मी खूश. तोफू आला. बाहेरून तळून कुरकुरीत केलेला, खाली तपकिरी पाण्याचं तळं आणि वर गुलाबीसर, कागदाहून पातळ सालपटी. सासूबाईंनी चष्मा लावला, वाकून बघितलं आणि चष्मा काढला. सालपटी हलत होत्या. एक उजवीकडे वळत होती, एक हळूच मान वर काढत होती.

"गे बाय! ह्यां जिवंत आसा की काय?"

एरवी आमच्याशी पुण्याच्या सुनेला समजेल असं बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून थेट मालवणी आली, म्हणजे प्रकरण गंभीर. जिवंत नव्हतं ते. बोनिटो नावाचा मासा धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात आणि सुतार रंधा मारतो तसा तासतात. त्या सालपटी इतक्या पातळ असतात की खालच्या वाफेनेच वळवळतात. वेटर मुलगी बिचारी धावत आली, म्हणाली, वरचं काढून देते. पण खालचं ते तपकिरी पाणी? तेही त्याच माशाचं. जपानी स्वयंपाकात तो अर्क आपल्या फोडणीइतका मुरलेला असतो, सूपमध्ये, सॉसमध्ये, नूडल्सच्या रश्शात. मेन्यूवरच्या हिरव्या पानाचा अर्थ तिथे 'यात मटण-चिकन नाही' एवढाच निघाला.

सासऱ्यांनी तोफूची बशी आपल्याकडे ओढली आणि सालपटी चवीने संपवल्या. सासूबाई पांढरा भात आणि काकडी खाऊन उठल्या. बिल 86 डॉलरचं वाटलं होतं. मेन्यूत किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतात, त्यांच्याकडे नवीन माणसाचं लक्ष जात नाही. पहिलं चिन्ह 10 टक्के सर्व्हिस चार्जचं, दुसरं 9 टक्के जीएसटीचं, आणि तो जीएसटी सर्व्हिस चार्जवरही बसतो. 86 चे झाले 103. सासूबाईंनी मनातल्या मनात रुपये केले आणि घरी येईपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत.

म्हणून गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि सगळ्यांना घेऊन वॉटर्लू स्ट्रीटला गेले. ज्यांचे आईवडील इकडे येणार असतील त्यांनी या रस्त्याचं नाव लिहून ठेवा. इथे श्रीकृष्णाचं देऊळ आहे, 1870 पासूनचं, आणि त्याच्या अगदी शेजारी क्वान इम या करुणेच्या देवीचं चिनी मंदिर. क्वान इमला नमस्कार करून बाहेर पडलेली चिनी माणसं कृष्णाच्या दारातही उदबत्त्या लावून हात जोडतात. त्यांच्या लेखी शेजारच्या देवाला न भेटता जाणं बरं दिसत नाही. चिनी मंदिरात लोक गुडघ्यावर बसून बांबूच्या नळकांड्यातल्या काड्या खुळखुळ हलवत असतात. एक काडी बाहेर पडली की तिचा नंबर बघायचा आणि त्या नंबरचं उत्तर घ्यायचं. सासरे दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "कौल लावतायत." मला पंधरा वर्षांत हे सुचलं नव्हतं.

रस्त्याच्या टोकाला अल्बर्ट सेंटर आहे. खाली बाजार आणि हॉकर सेंटर. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली डझनावारी छोटे स्टॉल, मध्ये बसायला टेबलं. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावून विकणाऱ्यांना सरकारने मुख्यतः सत्तरच्या दशकात अशा जागांत बसवलं. 2020 मध्ये युनेस्कोने या सगळ्या संस्कृतीला आपल्या वारसायादीत घेतलं. सासऱ्यांना त्यापेक्षा वेगळीच गोष्ट भावली. रिकाम्या टेबलावर टिशूचं पाकीट पडलेलं. मी म्हटलं, बाबा तिथे बसू नका, ते धरलेलं आहे. इथे याला 'चोप' करणं म्हणतात. पाकीट टाकायचं आणि बिनधास्त जेवण आणायला जायचं, कोणी हात लावत नाही.

"म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं," सासरे म्हणाले. "पण इथे भांडण नाही?"

नाही. तरी आम्ही टिशूवर विसंबलो नाही. रांगेत उभं न राहणारा माणूस घरात असतो, त्याचा उपयोग टेबल राखायला होतो.

आता शाकाहारी स्टॉलबद्दल, कारण हे लिहिण्याचं मूळ कारण तेच. त्याच्यापुढे ही लांब रांग. मला आश्चर्य वाटलं, कारण एरवी चिकन राइसपुढे रांग असते. माझी ऑफिसमधली चिनी मैत्रीण जेवणाच्या सुट्टीत आम्हाला भेटायला येणार होती, ती आधीच त्या रांगेत उभी. म्हणाली, आज पंधरावा ना! त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक मांस-मासे खात नाहीत. म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागेच. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मैत्रिणीकडे पहिल्यांदाच नीट बघितलं आणि मराठीतच विचारलं, "उपास करतेस? शहाणी गो." मैत्रिणीने हसून मान डोलावली. भाषांतर करायची गरज पडली नाही.

खरी गंमत पुढे. चिनी बौद्ध पद्धतीच्या शाकाहारात कांदा आणि लसूण चालत नाही. पातीचा कांदा, त्याची भावंडंही नाहीत. त्यांच्या जुन्या यादीत अशा पाच उग्र वासाच्या गोष्टी वर्ज्य आहेत आणि त्यातली एक चक्क हिंग. म्हणजे सिंगापूरच्या कुठल्याही उत्तर भारतीय रेस्टॉरंटात 'कांदा-लसूण नको' म्हटल्यावर जे चेहरे होतात, ते इथे होतच नाहीत. स्टॉलवरच्या आंटीला मी 'नो ओनियन, नो गार्लिक?' असं विचारलं तर तिने, हा काय प्रश्न झाला, अशा नजरेने चिमटा हलवला. सासूबाईंना मात्र हिंगाचं पटलं नाही. "कांदा-लसूण समजू शकते. हिंगानं काय घोडं मारलं यांचं?"

काचेमागे दहा-बारा परातींत पदार्थ. बोट दाखवायचं, आंटी चिमट्याने उचलून बशीत टाकते आणि शेवटी एकूण बघून किंमत सांगते. खाली बी हून, म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, सोया सॉसवर परतलेल्या. वर मऊ शिजलेला कोबी, सोयाच्या दुधावर येणारी साय वाळवून तळलेली, ती चघळायला छान लागते, आणि एक स्प्रिंग रोल. एका बशीचे 4.20 डॉलर, अंडं नाही याची खात्री करून. अंड्याचं मात्र विचारावं लागतं, सगळेच स्टॉल ते वर्ज्य मानतात असं नाही.

परातीत लाल कडेचे मांसासारखे दिसणारे कापही होते. गव्हातल्या चिकट प्रथिनाचे करतात. सासूबाईंनी मान फिरवली. "मांसासारखंच खायचं तर मांस खावं. नाटक कशाला?" मला हे मत एकदम मान्य आहे. सासऱ्यांनी एक काप चाखला आणि काही न बोलता आपल्या माशाकडे वळले.

पहिल्या घासाला सासूबाई म्हणाल्या, "शेवयांचा उपमाच हा. फोडणी द्यायला विसरलेत." दुसऱ्या घासाला काही बोलल्या नाहीत. बशी रिकामी झाल्यावर म्हणाल्या, कोबी कच्चट नाही ठेवला, तेवढं बरं. आमच्याकडे ही पाच ताऱ्यांची पावती समजतात. माझं मत विचाराल तर शेवया थोड्या तेलकट होत्या आणि मिरचीच्या सॉसशिवाय चव सपाट. सॉस घातला की मस्त.

सॉसवरून आठवलं. टेबलावरच्या लाल चटण्यांपासून शाकाहाऱ्यांनी जपून राहावं. नवऱ्याने नासी लमाक घेतला होता. नारळाच्या दुधातला भात, तळलेले बारीक सुके मासे, शेंगदाणे, अंडं आणि कडेला सांबाल. सासूबाईंचा चमचा सवयीने त्या लाल गोळ्याकडे गेला आणि हवेतच थांबला. त्यांनी वास घेतला. सांबालमध्ये बेलाचान असतं, वाळवलेल्या कोळंबीचा कुटून केलेला लगदा. मालवणात जन्म गेलेल्या बाईला ते सांगावं लागत नाही. "सुकट," त्या म्हणाल्या. एकदा आणखी वास घेतला, मग वाटी सासऱ्यांपुढे सरकवली. "कार्तिकीनंतर आलो असतो तर बरं झालं असतं."

सासऱ्यांचं फिश सूप 7 डॉलरचं. मासा ताजा, काप जाड, आणि न चुरता शिजवलेला. रस्सा मात्र पांढुरका, आल्याचा. "आजाऱ्याला द्यायला उत्तम," असा शेरा मारून त्यांनी त्यात तो सांबाल कालवला आणि मग बोलणं बंद. मुलाचा चिकन राइस 5 डॉलरचा. कोंबडी उकळीच्या खालच्या आचेवर शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवतात, त्यामुळे कातडी घट्ट आणि आत मांस ओलसर राहतं. पण खरी कमाल भाताची. तो कोंबडीच्या चरबीवर आलं, लसूण आणि पांदानचं पान घालून करतात. म्हणून एक सूचना: पाहुण्यांसाठी 'चिकन नको, नुसता तो सुवासिक भात दे' असं कधीही मागू नका. मी पहिल्या वर्षी माझ्या शाकाहारी आत्याला तो खाऊ घातलाय. तिला अजून सांगितलेलं नाही.

पेयांच्या स्टॉलवर वेगळीच भाषा चालते. कोपी म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कची गोड कॉफी येते, कोपी-ओ म्हणजे बिनदुधाची, कोपी-सी म्हणजे साखर आणि आटवलेल्या दुधाची. साखर नको तर पुढे 'कोसोंग' लावायचं, मलय भाषेत रिकामं. कापडाच्या लांब पिशवीतून गाळतात, आपल्याकडे चहाच्या टपरीवर असते तशीच. सासूबाईंनी तेह-सी घेतला, चहाचा तोच प्रकार, आणि दोन घोटांत ठरवलं की या देशात राहता येईल.

सगळ्यांचं मिळून 29.90 डॉलर, उसाच्या रसासकट. वर काही चढवलेलं नाही. सासूबाईंनी रुपये केले आणि मला पुन्हा एकदा बेरीज करायला लावली.

अडचणी आहेतच. कुठल्याही हॉकर सेंटरात दुपारी एक वाजता उकडतं. पंखे असतात, पण वाफ, तेल आणि माणसं त्यांना पुरून उरतात. शाकाहारी स्टॉल बहुतेक दुपारीच संपतात, रात्रीच्या भरवशावर राहू नका. हात पुसायला काही मिळत नाही, टिशू आपलाच. एका ठिकाणी (दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या सेंटरात) शाकाहारी नूडल्स मागितल्यावर मांस परतलेल्या कढईत, त्याच कालथ्याने करताना मी बघितलं आणि पैसे देऊन ते मुलाला खायला लावले. तेव्हा अख्खा स्टॉल शाकाहारी असेल तिथेच जा. आणि जेवण झाल्यावर ताट आपणच उचलून ठेवायचं. 2021 पासून ते सक्तीचं आहे. सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं ताट उचललं. सासूबाई मुद्दाम बसून राहिल्या आणि बघत राहिल्या.

महिन्याभरात आम्ही तिथे आणखी तीनदा गेलो. जाताना सासूबाईंनी बॅगेत टिशूची सहा पाकिटं भरली. परवा फोन आला. कणकवली स्टँडवर मालवणच्या गाडीत खिडकीतून पाकीट टाकलं होतं म्हणे. आत जाऊन बघतात तर त्या जागेवर एक गृहस्थ बसलेले आणि त्यातल्याच टिशूने घाम पुसत होते.