महापौरपदाचे दोन दावेदार, दोन पत्रकं: सोलापूरकरानं बघायचं काय?

आधी एक गोष्ट क्लिअर करू मालक, कारण निम्म्या लोकांना अजून वाटतंय की आपण थेट महापौर निवडतोय. बार्शी-पंढरपूरला नगराध्यक्ष थेट जनतेतनं येतो, आपल्याकडं महापालिका आहे, म्हणजे आपण फक्त प्रभागातले नगरसेवक निवडायचे, २६ प्रभागांतले मिळून १०२, आणि मग ते आपसात महापौर ठरवणार, तो पण अडीच वर्षांसाठी, आणि त्या खुर्चीच्या आरक्षणाची सोडत वेगळीच. वरून कारभाराची सही आयुक्तांची आणि खर्चाची मंजुरी स्थायी समितीची. म्हणून "मी महापौर झालो की..." असं सुरू होणारं वाक्य दिसलं की हे काम पालिकेच्या हातातलं आहे का, एवढं आधी विचारायचं.

तर सध्या दोन छापाची पत्रकं दारात पडायलीत. एक मोठ्या कामांचं: उड्डाणपूल, विमान, आयटी पार्क, गुळगुळीत कागद, फोटो कडक. दुसरं नळ-गटार-घंटागाडी-सिटी बसचं, झेरॉक्स काढल्यासारखं.

मोठ्या कामांचं बघू. विमान म्हणाल तर विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ ला पाडली, जून २०२५ ला होटगी रोडवरनं गोव्याचं विमान उडालं, यात केंद्र, राज्य, कोर्ट सगळे आले, त्याचं श्रेय एखादा नगरसेवक पत्रकात घेत असेल तर हसून सोडून द्या. आयटी पार्क पण राज्य सरकार आणि एमआयडीसीचं काम. पोरं पुण्याला चाललीत हे दुखणं खरं आहे, घरटी एक तरी पोरगं तिकडंय, त्यामुळं हा मुद्दा मतं खेचतो, पण महापौर त्यात निवेदन देण्यापलीकडं काय करणार बे?

उड्डाणपुलाचं जरा वेगळंय. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला, हे दोन पूल किती वर्षं ऐकतोय आपण. काम महामार्ग प्राधिकरणाचं, पण अडकलं ते भूसंपादनात, आणि भूसंपादन पालिकेकडं. म्हणजे पत्रकात पुलाचं चित्र असण्यापेक्षा कुठल्या जागा राहिल्यात, मोबदल्याचे पैसे कुठनं आणणार, हे दोन ओळीत लिहिलेलं असलं तर तो माणूस अभ्यास करून आलाय. मला आलेल्या पत्रकात नुसतं चित्रच आहे, खाली गाड्या पण परदेशी.

आता दुसरं. इथं मी थोडा जास्त वेळ घेणार कारण घोडं इथंच अडलंय. उजनी ११७ टीएमसीचं (अब्ज घनफुटाचं) धरण, आपल्याच जिल्ह्यात, तरी आपल्याला पाणी चार-पाच दिवसाआड, उन्हाळ्यात तर विचारूच नका. भीमेवरचे औज-चिंचपूर बंधारे भरायला धरणातनं नदीत पाणी सोडतात, ते वाटेत किती मुरतं, किती उपसलं जातं, आणि मग टाकळीच्या पंपांनी आपण उचलायचं. त्यासाठीच धरणातनं थेट १७० एमएलडीची (रोज १७ कोटी लिटरची) समांतर पाइपलाइन. पण ऐका, पाइपलाइननं पाणी पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत येतं, तुमच्या नळापर्यंत नाही. तिथनं पुढं टाक्या, जुन्या गंजक्या लाइनी, हद्दवाढ भागात तर १९९२ ला शहरात घेऊन पण कुठं लाइन आहे तर प्रेशर नाही. रात्री दोनला चावीवाला येतो, गल्लीभर मोटारी एकदम सुरू होतात, ज्याची मोटार मोठी त्याची टाकी भरते, शेवटच्या घरातली बाई बॅरलला पाइप लावून बसलेली असते आणि तिच्या पाइपात नुसती हवा. हे सगळं, म्हणजे टाक्या, व्हॉल्व्ह, वेळापत्रक, मोटार जप्ती, पूर्ण पालिकेचं काम. इथं महापौराला दिल्लीला जायला लागत नाही.

म्हणून दुसरं पत्रक मला उजवं वाटतं, पण ते पण धुतल्या तांदळाचं नाही. "रोज पाणी देऊ" असं एका ओळीत लिहून मोकळे झालेत, किती टाक्या, कुठल्या भागात आधी, काय नाही. आणि खाली "मिळकत कर माफ" पण लिहिलंय! करच माफ केला तर व्हॉल्व्ह बदलायला पैसे काय आभाळातनं पडणार का?

सिटी बसवर दोघंही ई-बस आणू म्हणतात, ती केंद्राची योजना आहे, पार्क चौकातनं विडी घरकुलला दर किती मिनिटाला गाडी ते कोणीच लिहीत नाही. स्मार्ट सिटीबद्दल पण दोघं गप्प. २०१६ च्या पहिल्या २० शहरांत आपला नववा नंबर होता राव, रंगभवनकडं रस्ता चकाचक झाला आणि हद्दवाढीत अजून ड्रेनेजची बोंब, ते विचारलं की दोघांकडचे कार्यकर्ते विषय बदलतात.

आणखी एक, बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक निवडायचेत, म्हणजे दाबायची बटणं चार. चारही एकाच चिन्हावर दाबायची सक्ती नाही, पत्रक कुणाचं का असेना, पाण्याच्या दिवशी गल्लीत उभा राहणारा माणूस कुठल्या पॅनेलात आहे ते बघून दाबा. फक्त तुमचं घर किंवा दुकान त्या पुलाच्या लाइनीत येत असेल तर माझं ऐकू नका, तुम्ही पहिल्या पत्रकवाल्याला गाठा आणि मोबदल्याचं काय ते चार माणसांसमोर बोलून घ्या.