दहा बाय पन्नासची दुर्बीण, फोंड्याच्या गच्चीवरून

गोव्यात राहून ज्याला आकाश बघायची हौस आहे, त्याने पहिली वस्तू म्हणून १० x ५० ची, दोन्ही डोळ्यांनी बघायची साधी दुर्बीणच घ्यावी. टेलिस्कोप नंतर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते कुठल्याही बऱ्यापैकी १० x ५० ला लागू पडतं. मी फोंड्यात वायरिंगची कामं घेतो: घरं, दुकानं, जत्रेची रोषणाईसुद्धा. त्यामुळे भिंगांइतकंच दिव्यांबद्दलही लिहिणार आहे. इथल्या आकाशात काय दिसेल ते निम्मं दिव्यांवरच ठरतं.

आधी आकडे. १० म्हणजे दहापट मोठं दिसतं, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर. पन्नासला दहाने भागलं की पाच. तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा झोत डोळ्यात येतो. काळोखात तरुण माणसाची बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, पन्नाशीच्या आसपास साधारण पाचच. म्हणून जुन्या लोकांनी नावाजलेली ७ x ५० माझ्या वयाला तितकीशी उपयोगाची नाही, तिचा बराचसा उजेड बाहुलीच्या बाहेरच पडतो. शहराजवळ दहापटीचा आणखी एक फायदा म्हणजे मागचं आकाश जरा काळं पडतं आणि बारीक तारे उठून दिसतात. वीसपटीच्या, तीसपटीच्या दुर्बिणींच्या जाहिरातींना भुलू नका. हातात धरल्यावर त्यात तारा जागेवर राहत नाही.

माझ्या दुर्बिणीत साडेसहा अंशांचं आकाश एका वेळी मावतं, म्हणजे पौर्णिमेचे तेरा चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढं होईल तेवढं. वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं, पण डोक्यावरचं काही बघायला लागलं की पाच मिनिटांत दंड भरून येतात. हाताच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत मागे रेलून बसायचं आणि कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवायची. गुरूचे चार मोठे चंद्र असे टेकूनच नीट सुटे दिसतात. शनीची कडी मात्र हिच्यात दिसणार नाहीत, ती अपेक्षा ठेवून घेऊ नका.

आता गच्चीवरचा अनुभव. फोंड्यात, बाजारापासून फार लांब नसलेल्या माझ्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी कृत्तिका चार मोजता येतात, चांगल्या रात्री पाच. दुर्बीण लावली की त्याच जागी तीसेक तारे उभे राहतात आणि मधले ठळक तारे निळसर दिसतात. मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघही छान दिसतो, धुक्याच्या पुंजक्यासारखा, आणि मधे दोन-तीन टोचणारे तारे. चंद्रावरची विवरं तर कुठल्याही दिव्याला बधत नाहीत. पण देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी? डोळा थोडा बाजूला ठेवून बघितलं तर एक फिकट डाग, बस्स. तो उजेड २५ लाख वर्षं चालत आलाय. तो आपल्या गच्चीपाशी पोचून कुणाच्या तरी कंपाउंडच्या फ्लड लाइटमध्ये विरून जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दक्षिणेचं दुःख तर जास्तच. गोवा साडेपंधरा अक्षांशावर, त्यामुळे दिल्लीवाल्यांना जे जेमतेम दिसतं ते आपल्याला सहज मिळायला हवं. मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमाराला दक्षिणेला त्रिशंकू हा तारकासमूह उभा असतो, त्याच्या डावीकडे मित्र तारा वर येत असतो, आणि त्यांच्या वर, क्षितिजापासून सत्तावीस अंशांवर, ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल गुच्छ. त्यात लाखो तारे आहेत, सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षं दूर. दुर्बिणीत तो कापसाच्या मोठ्या गोळ्यासारखा दिसायला हवा. माझ्या गच्चीवरून दक्षिणेकडे मडगाव-वेर्ण्याच्या बाजूचा उजेड आडवा येतो आणि गोळ्याचा नुसता मधला भाग उरतो.

हीच दुर्बीण घेऊन अमावास्येच्या जवळपास वाळपईच्या पुढे मावशीच्या गावी गेलो की वस्तू तीच असूनही दुसरी वाटते. मावशी आधी आपल्या अंगणातला बल्ब बंद करते, मग पलीकडच्या घरी हाक मारून तिथलाही बंद करवते. वीस-पंचवीस मिनिटं मोबाइल खिशात ठेवून नुसतं बसायचं, डोळे काळोखाला सरावले पाहिजेत. त्यानंतर तिथे ओमेगा सेंटॉरी चांगला दुप्पट मोठा दिसतो, कडा हळूहळू विरत जाणाऱ्या. उशिरापर्यंत थांबलात तर वृश्चिकाच्या नांगीपाशी दोन तारकागुच्छ एकाच दृश्यात येतात, आणि त्यांच्या डाव्या अंगाने धनू राशीतून आकाशगंगा वर येते. दुर्बीण तिच्यावरून सावकाश फिरवायची, घाई नाही. त्याच दिवसांत, पावसाच्या तोंडावर, झाडांवर काजवे असतात. उजेड वाढला की त्यांनाही आपला जोडीदार सापडणं कठीण होतं.

चोर्ला घाटातून सुर्लाच्या बाजूला गेलं तर आकाश आणखी मोठं मिळतं, फक्त बेळगावच्या दिशेला थोडी उजळी असते. रात्री अभयारण्यात घुसू नका, गवे रस्त्यावर येतात. ओळखीच्या घराचं अंगण सगळ्यात उत्तम.

जगातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही, असं २०१६ च्या जागतिक नकाशातून समोर आलं. फोंडा त्यात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि हे अजून हातात आहे. गिऱ्हाइकाला दिवा दाखवताना मी खोक्यावरचा आकडा दाखवतो (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप). ६५०० के लिहिलेला पांढराशुभ्र दिवा निळा प्रकाश जास्त टाकतो, आणि निळा प्रकाश हवेत जास्त पसरतो. बाहेरच्या कामाला ३००० के किंवा त्याखालचा पिवळसर दिवा पुरतो. त्याहून मोठा फरक पडतो तो कोनाने. शेजारच्या काकांच्या गेटवर ५० वॅटचा फ्लड लाइट आडवा लावलेला होता, निम्मा उजेड रस्त्यापलीकडच्या माडांच्या शेंड्यांवर. ब्रॅकेटचे दोन बोल्ट सैल केले, काच जमिनीला समांतर होईपर्यंत फिटिंग खाली झुकवलं, बोल्ट आवळले. पुढे त्यांनी २० वॅटचा वॉर्म व्हाइट बसवून घेतला. काका म्हणाले, "आता कुलपाचं भोक दिसतं, आधी सगळं डोळ्यांवर यायचं." त्या बाजूच्या आकाशात दुर्बिणीतून दिसणारे बारीक तारे लगेच वाढले.

जत्रेची रोषणाई चार दिवस असते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. वर्षभर रात्रभर जळणारे, वर तोंड केलेले दिवे बदलायला हवेत. मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवाची पिल्लं वाळूतून बाहेर पडली की जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात. समुद्राऐवजी रस्त्याकडे वळली तर मरतात. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने आसपासच्या गावांतले रस्त्याचे दिवे बदलून घेतले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे काळोखं आकाश जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला. म्हादई आणि नेत्रावळी अभयारण्यांच्या कडेच्या वाड्यांतही हे जमेल. काम फार अवघड नाही, मी स्वतः करून बघितलंय.

परत दुर्बिणीकडे. गोव्यात तिचा खरा शत्रू दमट हवा. भिंगाच्या आत एकदा बुरशीचे धागे पसरले की साफ करायचा खर्च दुर्बिणीच्या किमतीला जाऊन भिडतो. चामड्यासारख्या दिसणाऱ्या ज्या पिशवीत ती येते ती पावसाळ्यात वापरूच नका, पिशवीच ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल, आणि रंग बदलला की जेल तापवून परत कोरडं करायचं. हिवाळ्यात वाळपईकडे, सत्तरी तालुक्यात, दंव जोरात पडतं. घरी आणल्यावर आधी उघड्यावर पूर्ण सुकू द्या, मगच डब्यात.

घेताना दुकानातच दोन गोष्टी तपासा. हातभर लांब धरून मागच्या भिंगांत उजेडाची वर्तुळं बघा, ती पूर्ण गोल हवीत. कडा कापलेल्या दिसल्या तर आतले प्रिझम हलक्या प्रतीचे आहेत. मग लांबच्या एखाद्या खांबावर रोखा आणि दोन्ही डोळ्यांचं चित्र एक होतंय का पाहा. खांब दोन दिसले किंवा कपाळ दुखायला लागलं तर तो नग परत करा. चष्मेवाल्यांनी चष्म्यासकट बघूनच घ्यावी.

मी पाचपैकी चार गुण देतो. एक गुण कापला तो वजनासाठी आणि ट्रायपॉडवर चढवायचं अडॅप्टर वेगळं विकत घ्यावं लागतं म्हणून. शनीची कडी बघायचीच असतील तर आधी एखाद्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात मोठ्या टेलिस्कोपमधून बघून घ्या, आणि मग ठरवा तुम्हाला कशाची ओढ आहे.