किचनचा वजनकाटा: शेवटचे तीन-चार किलो अडतात तेव्हा (सात महिन्यांच्या वापरानंतर)

काटा साधाच आहे. पाच किलोपर्यंत मोजणारा, एक-एक ग्रॅम दाखवणारा, बारीक पेन्सिल सेलवर चालणारा, पाच-सहाशे रुपयांत मिळतो तसला. केक करणाऱ्यांना तो कसा वाटेल याबद्दल इथे काही नाही. ठरवलेल्या वजनापासून तीन-चार किलो लांब असताना पायाखालचा काटा महिना-महिना हलत नाही, तेव्हा ओट्यावरचा हा काटा किती उपयोगी पडतो, एवढंच इथे लिहितोय. पडतो, आणि जिमच्या फीपेक्षा जास्त पडतो. पण वापरायची रीत चुकली तर तो चक्क खोटं बोलतो.

आधी गणित, कारण त्याशिवाय एवढी मोजामोज का करायची ते पटत नाही. 158 सेंमी उंचीची, 40 वर्षांची बाई 72 किलोची असताना मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने (वजन, उंची आणि वयावरून रोजच्या कॅलरी काढायचं गणित) तिचं शरीर बसल्याजागी सुमारे 1345 कॅलरी जाळतं, 62 किलोला 1245. घरकाम आणि थोडं चालणं धरून (गुणिले 1.4) दिवसाचा खर्च 1885 वरून 1745 वर येतो. म्हणजे दहा किलो उतरवल्याचं बक्षीस म्हणून रोजच्या 140 कॅलरींची सवलत गेली. वर शरीर सूत्रापेक्षाही थोडं काटकसरीने वागायला लागतं आणि आपण नकळत हालचालही कमी करतो. आता 1450 खाल्लं तरी तूट रोज 300 चीच. आठवड्याला 2100. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7700 कॅलरी, तेव्हा आठवड्याला उतरणार पाव किलोच्या थोडं वर. आणि 300 कॅलरी म्हणजे किती? 33 ग्रॅम तेल. फोडणीची पळी दोनदा सढळ हाताने भरली की संपलं.

म्हणून सुरुवातीला 'एक वाटी, दोन पोळ्या' हा हिशोब चालतो आणि शेवटी चालत नाही. तूट 700 ची असताना 250 ची चूक खपून जाते, 300 ची असताना नाही. 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. 'आम्ही 1200 सुद्धा खात नाही, तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्यांचं खाणं खरोखर मोजलं, तेव्हा ते सरासरी 47 टक्के कमी सांगत होते. त्यांचा चयापचय मात्र ठीक होता. ही लबाडी नव्हे, नजरेचा अंदाजच तसा चुकतो.

तेलापासून सुरुवात करा, आणि पहिली गफलतही तेलाचीच. कढई काट्यावर ठेवून, शून्य करून, बारीक धारेने तेल सोडलं तर बरेच स्वस्त काटे ते मोजतच नाहीत. वजन फार हळू वाढलं की काट्याला वाटतं आपलाच शून्य सरकलाय, आणि तो ते गिळून टाकतो. आठ-दहा ग्रॅम तेल पडलेलं असतं आणि आकडा 2 दाखवतो. यावर उलटं मोजायचं: तेलाची बाटली काट्यावर ठेवा, शून्य करा, बाटली उचलून हवं तेवढं तेल ओता, बाटली परत ठेवा. उणे 18 आलं तर कढईत 18 ग्रॅम गेलं, म्हणजे 162 कॅलरी. तूप, शेंगदाण्याचं कूट, गूळ, सगळं बरणीसकट असंच. भांडीही कमी घासावी लागतात, हा फायदा छोटा नाही.

दुसरी गफलत युनिटच्या बटणाची. चुकून हात लागून 'मिली' चालू झालं की काटा सगळ्याला पाणी समजतो. 100 मिली तेलाचं वजन 91-92 ग्रॅमच असतं, त्यामुळे तेल कायम ग्रॅममध्येच मोजा.

चौघांची भाजी एकत्र होते, मग आपला वाटा कसा काढायचा? एकदा रिकाम्या कढईचं वजन करून कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी चिकटवा. समजा फ्लॉवर-बटाट्याच्या भाजीत तेल 40 ग्रॅम (360 कॅलरी), बटाटा 300 (230), फ्लॉवर 500 (125), कूट 30 (170) गेलं. एकूण 885. शिजल्यावर कढईसकट वजन करून चिठ्ठीतला आकडा वजा केला आणि भाजी 780 ग्रॅम भरली, तर 100 ग्रॅमला 113 कॅलरी. आपल्या 150 ग्रॅमच्या वाटीत 170. तेल 20 ग्रॅमवर आणलं की तीच वाटी साधारण 140 ची होते, आणि चवीत कुणाला पत्ता लागत नाही. कांदा, कोथिंबीर, मसाले मोजत बसू नका.

पोळीचंही तसंच. 500 ग्रॅम पीठ भिजवून कणीक 810 ग्रॅम झाली, तर 50 ग्रॅमच्या उंड्यात पीठ 31 ग्रॅम, म्हणजे 105 कॅलरी. घडीला लावलेलं तेल आणि वरचं तूप वेगळं. घरातल्या दोघींनी लाटलेल्या पोळ्यांचे उंडे एकदा मोजून बघा. 38 ग्रॅमपासून 62 पर्यंत काहीही निघतं, आणि कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये दोन्हींची नोंद 'एक पोळी'. भाकरी तर थापणारीच्या हातावर असते. 70 ग्रॅम पिठाची असेल तर 240 पर्यंत जाते. भाताला कच्चा की शिजलेला हे आधी ठरवा: 150 ग्रॅम शिजलेला भात 195 कॅलरींचा, तोच ॲपमध्ये कच्चा म्हणून टाकला तर 525. या एका चुकीने हैराण होऊन लोक मोजणंच सोडून देतात.

उपवासाचा दिवस नक्की मोजा. एका बशीतल्या खिचडीला कोरडा साबुदाणा 75 ग्रॅम, कूट 30 आणि तूप 15 लागलं, तर 570 कॅलरी झाल्या, बटाटा अजून धरलेला नाही. चहाही विसरू नका. म्हशीचं दूध 50 मिली आणि दोन चमचे साखर मिळून कपाला 90, तीन कपांना 270. वर काढलेला अख्खा दिवसाचा फायदा जवळजवळ तिथेच गेला. शनिवार-रविवारचं गणित तर सरळ आहे: पाच दिवस 300 ची तूट म्हणजे 1500, आणि दोन दिवस मिसळ, थाळी, आइस्क्रीम धरून खर्चापेक्षा 750-750 जास्त. झालं शून्य.

आता या काट्याला न जमणारी गोष्ट. अंगात साचलेलं पाणी त्याला दिसत नाही, पण पायाखालच्या काट्याला दिसतं. लोणचं-पापड, उशिराचं जेवण, पाळीच्या आधीचे दिवस, नवीन व्यायामाने दुखणारे स्नायू, यातल्या कशानेही वजन किलो-दीड किलो वर जातं आणि तीन-चार आठवड्यांची खरी घट झाकली जाते. म्हणून रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, फरशीवर काटा ठेवून वजन घ्या आणि सात दिवसांच्या सरासऱ्या एकमेकींशी ताडा. पाळी येत असेल तर मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी. चार आठवडे सरासरी आणि बेंबीजवळचा घेर, दोन्ही जागचे हलले नाहीत तरच वजन अडकलं म्हणायचं.

नेमकं मोजूनही अडकलं, तर 1200 वर उडी मारू नका. रोज शंभरेक कॅलरी कमी करा आणि दोन हजार पावलं वाढवा. साठ किलोच्या माणसाला तेवढ्या चालण्याचे 70-80 मिळतात. घड्याळ व्यायामाचे 400 दाखवतं ते खाऊन भरून काढू नका. प्रथिनं वजनाच्या किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम ठेवा: सोयाबीन वडी 30 ग्रॅममध्ये 15, पनीर 100 ग्रॅममध्ये 18, अंड्यात 6. तीन-चार महिने सलग तूट चालू असेल, झोप बिघडली असेल, सारखी थंडी वाजत असेल, तर दोन आठवडे खर्चाइतकं खा. त्या काळात वजन किलोभर वाढेल, ते बहुतेक ग्लायकोजेन (स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर) आणि त्याच्यासोबतचं पाणी असतं. आणि बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 23 च्या आत, कंबर बायकांची 80 आणि पुरुषांची 90 सेंमीच्या आत असेल, तर उरलेले तीन किलो खरंच हवेत का, हे स्वतःला विचारा. मधुमेहाच्या गोळ्या, थायरॉईड, बाळाला पाजणं यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. खाण्याची धास्ती घेण्याचा त्रास पूर्वी झालेला असेल, तर हा काटा घरात आणूच नका.

रोज सगळं मोजायची गरज नाही. दोन आठवडे कसून मोजलं की पुढे तेल, तूप, कूट, खोबरं आणि भात एवढंच पुरतं. सोबत महिन्याचा तेलाचा हिशोब ठेवा. चौघांत पाच लिटर संपलं तर माणशी रोज 340 कॅलरी, तीन लिटर संपलं तर 205. अख्खं घर कुठल्या दिशेला चाललंय, ते डबाच सांगतो.

काट्याबद्दलच्या तक्रारी: मोठी कढई ठेवली की आकडा तिच्याखाली झाकला जातो, त्यासाठी काट्यावर पालथी वाटी ठेवून वर कढई ठेवावी लागते. दोन मिनिटांत तो आपोआप बंद होतो आणि शून्य विसरतो. ओल्या बोटाला बटण दाद देत नाही. पांढऱ्या प्लास्टिकवरचा हळदीचा डाग गेलेला नाही. गरम भांडं थेट ठेवलं की आकडा भरकटतो, खाली लाकडी पाट हवा. पंख्याच्या झोतातही तो दोन-तीन ग्रॅम नाचतो. सेल उतरायला लागला की इशारा येण्याआधीच आकडे बिघडतात, म्हणून महिन्यातून एकदा मापाच्या भांड्याने एक लिटर पाणी घालून बघायचं. सातव्या महिन्यात 998 दाखवतोय.